तोफखान्यातील अधिकारी: सीडीएसच्या अर्जापासून सेवामुक्तीपर्यंत

भारतीय सैन्याच्या तोफखान्यात शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीचा अधिकारी म्हणून, दहा वर्षे सेवा करून मी सप्टेंबर 2022 मध्ये सेवामुक्त झालो. तेव्हापासून नात्यातील आणि ओळखीतील मुले-मुली, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक, तेच ते प्रश्न विचारत आले आहेत: लेखी परीक्षेला शिकवणी लावावी का, वैद्यकीय तपासणीत मुले का अडकतात, तोफखाना मागून मिळतो की नशिबाने, आणि दहा वर्षांनी बाहेर पडल्यावर हातात काय उरते. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळे एकदा क्रमाने लिहावे, असे वाटले. सीमेवरील ठिकाणे आणि पलटणीचा क्रमांक मी मुद्दाम देत नाही. तोफांविषयी जे लिहिले आहे ते सगळे आधीच सार्वजनिक आहे.

भूगोल घेऊन बी.ए. झाल्यावर सप्टेंबर 2010 मध्ये मी संघ लोकसेवा आयोगाची सीडीएस, म्हणजे सैन्यदलांतील अधिकारी निवडण्याची लेखी परीक्षा दिली. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे तीन पेपर असतात. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी, म्हणजे ओटीएसाठी, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान हे दोनच, प्रत्येकी दोन तास आणि शंभर गुण. गणिताशी माझे फारसे सख्य नव्हते, म्हणून मी फक्त ओटीएचा पर्याय भरला. पुढे आयुष्यातील दहा वर्षे आकडे लिहिण्यात आणि दुसऱ्याने लिहिलेले आकडे तपासण्यात जाणार होती, याची तेव्हा काहीच कल्पना नव्हती. अर्जाचे शुल्क आज 200 रुपये आहे आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ते माफ असते. त्यामुळे या टप्प्यावर पैशाची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती कागदपत्रांची. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव आणि जन्मतारीख हीच पुढे सर्वत्र ग्राह्य धरली जाते. आधार, पदवी आणि अधिवास प्रमाणपत्रावरील नावात आडनाव पुढे-मागे झाले असेल, तर ते अर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावे. एसएसबीच्या, म्हणजे लेखी परीक्षेनंतर निवड मंडळापुढे होणाऱ्या चाचण्या-मुलाखतीच्या, पहिल्या दिवशी सकाळी कागदपत्रांच्या टेबलासमोर ते दुरुस्त होत नाही.

लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर एसएसबीचे बोलावणे येईपर्यंत काही महिने जातात. महाराष्ट्रातील मुलांना एक सोय आहे, जिची माहिती अनेकांना नसते. नाशिक रोड येथे राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तेथे सीडीएस व एसएसबीची तयारी निवास-भोजनासह विनामूल्य करून घेतली जाते. प्रवेशासाठी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. मी तेथे एसएसबीपूर्वीचे छोटे सत्र केले. खाजगी वर्गांच्या जाहिरातींमध्ये जी फी दिसते ती भरण्यापूर्वी हा पर्याय अवश्य पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला भोपाळचे केंद्र मिळाले. पहिल्यांदा जाणाऱ्या उमेदवाराला थर्ड एसीचे जाण्या-येण्याचे भाडे परत मिळते, मात्र त्यासाठी तिकीट जपून ठेवावे लागते. निवड पाच दिवस चालते, पण पहिल्याच दिवशी निम्म्याहून अधिक मुले परतीच्या गाडीत बसलेली असतात. त्या दिवशी बुद्धिमापनाच्या दोन चाचण्या होतात आणि नंतर एक अस्पष्ट चित्र अर्धा मिनिट दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात. मग गटात बसून त्या गोष्टीवर चर्चा. आमच्या गटात सगळेच एकदम बोलू लागले आणि चर्चेचा मासळीबाजार झाला. मी दोनदा बोललो, दोन्ही वेळा थोडक्यात, आणि दुसऱ्या वेळी एका शांत बसलेल्या मुलाच्या गोष्टीतील मुद्दा उचलून धरला. त्यामुळेच निवड झाली असे मी म्हणणार नाही, कारण तपासणारे काय पाहतात ते कोणालाच सांगितले जात नाही; मात्र आरडाओरडा करणाऱ्यांपैकी बहुतेक जण दुपारी घरी गेले, एवढे मी पाहिले.

दुसरा दिवस मानसशास्त्रीय चाचण्यांचा. बारा चित्रांवर बारा गोष्टी लिहायच्या, त्यातील शेवटचे चित्र कोरे; साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, एकेका शब्दावर एकेक वाक्य; अर्ध्या तासात साठ प्रसंग आणि त्यांतील आपली कृती; आणि शेवटी स्वतःविषयी आईवडील, शिक्षक व मित्र काय म्हणतील ते लिहायचे. पाठ केलेली उत्तरे येथे टिकत नाहीत, कारण विसाव्या-पंचविसाव्या शब्दानंतर मेंदू थकतो आणि हातून जे खरे असते तेच लिहिले जाते. त्यानंतरचे दोन दिवस मैदानावर जातात. फट्टा, बल्ली आणि दोरी एवढ्याच साहित्यावर अडथळे पार करायचे, गटाला नकाशावरील एखादी अडचण सोडवायला द्यायची, तीन मिनिटे भाषण करायचे, आणि एका कामात आपणच नेता होऊन सोबतीला दोन जण निवडायचे. मी फारसा बलवान नव्हतो. सहा फूट उंचीच्या भिंतीशी माझी चांगलीच झटापट झाली. पण गटातील कामात बल्ली कुठे टेकवली तर पुरेल याचा अंदाज मला पटकन येत असे, आणि गटातील बलवान मुले ते ऐकत असत.

मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी एका दमात दहा-बारा प्रश्न विचारले: दहावीचे गुण, बारावीचे, आवडते शिक्षक, का आवडते, नावडते, का नावडते, मित्र किती, त्यांच्यापैकी जवळचा कोण. सगळे लक्षात ठेवून क्रमाने उत्तर देणे अपेक्षित असते. नंतर ते माझ्या जिल्ह्याकडे वळले: पाऊस किती पडतो, कोणत्या नदीवर कोणते धरण, लोक स्थलांतर का करतात. भूगोलाचा विद्यार्थी असल्याने येथे मला मोकळे वाटले. आपल्या अर्जात आपण जे लिहितो, त्यातूनच प्रश्न निघतात. म्हणून छंदाच्या रकान्यात वाचन लिहिणाऱ्याने गेल्या महिन्यात काय वाचले ते नीट आठवून जावे. पाचव्या दिवशी सर्व परीक्षकांसमोर दोन-तीन मिनिटांची भेट होते आणि त्यानंतर छातीवरील क्रमांक वाचून निकाल सांगतात. आमच्या तुकडीतून मोजकेच क्रमांक वाचले गेले, त्यांत माझा होता. घरी फोन केला तेव्हा बाबा आधी काही बोललेच नाहीत, मग जेवलास का, एवढेच विचारले.

खरी अनिश्चितता त्यानंतर सुरू झाली. निवड झालेल्यांची लष्करी रुग्णालयात काही दिवस बारकाईने वैद्यकीय तपासणी होते: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, कान, नाक, घसा, दात, डोळे, सांधे, पावले. माझ्या नाकाचे हाड वाकडे असल्याचे निदान झाले आणि मला तात्पुरते अपात्र ठरवण्यात आले. असा निर्णय हातात आला की मन खचते, परंतु तात्पुरते अपात्र आणि कायमचे अपात्र यांत मोठा फरक आहे. अपील वैद्यकीय मंडळापुढे जाण्यासाठी 42 दिवसांची मुदत मिळते आणि कोणत्या रुग्णालयात जायचे तेही तेथेच लिहून देतात. मला पुण्याचे कमांड हॉस्पिटल मिळाले. घरी येऊन खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली. 2011 साली तिला औषधांसह 28,000 रुपये लागले, जे बाबांनी पतपेढीतून काढले. पहिल्या खाजगी रुग्णालयाने शस्त्रक्रियेची तारीख इतकी पुढची दिली होती की जखम भरायला वेळच उरला नसता, म्हणून मी दुसरीकडे गेलो. अपिलात मंडळाने पात्र ठरवले. ज्यांना जायचे आहे त्यांनी एसएसबीच्या आधीच कान-नाक-घसा, दात आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा दाखवून यावे. कानातला मळ, किडलेला दात आणि थोडे जास्तीचे वजन या कारणांनी तात्पुरते अपात्र ठरलेली मुले मी तेथे पाहिली, आणि ही कारणे महिनाभर आधी कळली असती तर त्यांचा सगळा ताण वाचला असता.

वैद्यकीय पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. लेखी परीक्षा आणि एसएसबी यांचे गुण मिळवून गुणवत्ता यादी लागते, आणि जागा जितक्या तितकेच रुजू होण्याचे पत्र येते. या प्रतीक्षेच्या काळात मी एका शाळेत तात्पुरते शिकवत होतो. पोलीस पडताळणी, पालकांचे संमतीपत्र आणि प्रशिक्षण स्वेच्छेने सोडल्यास खर्च भरून देण्याचे बंधपत्र, असे कागद त्याच काळात तयार करावे लागतात. पत्र आले आणि ऑक्टोबर 2011 मध्ये मी चेन्नईला परंगीमलैच्या पायथ्याशी असलेल्या ओटीएमध्ये दाखल झालो.

त्या 49 आठवड्यांविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही. सगळ्या अकादम्यांमध्ये मुले पळतात, घामाघूम होतात, वर्गात डुलक्या घेतात आणि त्यासाठी शिक्षाही भोगतात. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी येण्यापूर्वी शिकून यावे आणि रोज पाच किलोमीटर धावण्याची सवय ठेवावी. विद्यावेतन त्या काळी दरमहा 21,000 रुपये होते. सातव्या वेतन आयोगानंतर ते 56,100 झाले.

प्रशिक्षणाच्या उत्तरार्धात सेनेची कोणती शाखा हवी ते विचारतात. कॅडेटची पसंती, गुणवत्तेतील क्रमांक, त्या तुकडीसाठी उपलब्ध जागा आणि वडील किंवा आजोबा ज्या पलटणीत होते तेथील दावा, या सगळ्यांचा मेळ घालून वाटप होते. माझ्या मागे पलटणीचा वारसा नव्हता. मी पहिली पसंती पायदळाला दिली होती, दुसरी तोफखान्याला. तोफखाना मिळाला, तेव्हा दोन दिवस मी थोडा नाराज होतो, कारण आमच्या डोक्यात अधिकारी म्हणजे सर्वांत पुढे चालणारा, आणि तोफा तर मागे असतात. ही समजूत किती अर्धवट होती ते पुढे येईलच. इतिहासाचे शिक्षक असलेल्या बाबांनी मात्र पानिपतावरील इब्राहिमखान गारद्यापासून सुरुवात करून फोनवर अर्धा तास मला तोफखान्याचे महत्त्व सांगितले. आईचा प्रश्न वेगळा होता: यात पुढे बढती मिळते का? तिला सांगितले की कुमारमंगलम, मल्होत्रा, रॉड्रिग्ज आणि दीपक कपूर हे लष्करप्रमुख तोफखान्यातूनच आले, आणि रॉड्रिग्ज तर मुंबईत जन्मलेले. तेवढ्याने तिचे समाधान झाले.

सप्टेंबर 2012 मध्ये दीक्षांत संचलन झाले आणि आईबाबांनी खांद्यावर तारे लावले. रजा संपवून मी पलटणीत हजर झालो. ती मध्यम तोफांची रेजिमेंट होती, म्हणजे 155 मिलीमीटरच्या बोफोर्स तोफा, तीन बॅटऱ्या आणि प्रत्येक बॅटरीत सहा तोफा. पायदळात किंवा रणगाड्यांच्या दलात पलटणीचा ध्वज असतो. तोफखान्यात तोफ हीच निशाणी मानली जाते आणि तिचा मान ध्वजाप्रमाणेच राखला जातो. नव्या अधिकाऱ्याला सुरुवातीचे काही आठवडे जवानांच्याच बराकीत राहावे लागते, लंगरमध्ये जेवावे लागते, पहाऱ्यावर उभे राहावे लागते आणि तोफेवरील प्रत्येकाचे काम स्वतः करावे लागते. 155 मिलीमीटरचा एक गोळा सुमारे 43 किलो वजनाचा असतो. तो हातात घेऊन दोन-चार फेऱ्या मारल्या की जवान दिवसभर काय करतात ते शरीराला समजते. आमचे सुभेदार साहेब वडिलांच्या वयाचे होते. ते मला सर्वांसमोर ‘साहब’ म्हणत, कडक सलाम ठोकत, आणि संध्याकाळी तोफेजवळ बसवून शाळेतल्या मुलाला शिकवावे तसे शिकवीत. ज्या तरुण अधिकाऱ्याला हे दुहेरी नाते नीट सांभाळता येते, त्याचे निम्मे काम तेथेच होते. खर्चाचे म्हणाल, तर मेसचे बिल आणि समारंभाचे गणवेश शिवण्यात पहिल्या काही महिन्यांच्या पगारातले फारसे काही उरत नाही. घरी पैसे पाठवण्याचे वचन लगेच देऊ नये.

पुढच्या वर्षी यंग ऑफिसर्स कोर्ससाठी नाशिकजवळच्या देवळालीला गेलो. आपल्याकडे अनेक जण देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी आणि नाशिक रोडचे आर्टिलरी सेंटर एकच समजतात. सेंटरमध्ये भरती झालेले जवान घडतात, तर स्कूलमध्ये अधिकारी आणि निवडक जवान तोफशास्त्र शिकतात. येथे माझी गणिताशी पुन्हा गाठ पडली. तोफखान्यात वर्तुळाचे 360 अंश वापरत नाहीत, 6,400 मिल वापरतात, आणि त्याची सोय अशी की एक मिलचा कोन एक किलोमीटर अंतरावर जवळजवळ एक मीटर रुंदी व्यापतो. टेकडीवर बसलेल्या निरीक्षकाला गोळा लक्ष्याच्या 30 मिल डावीकडे पडलेला दिसला आणि लक्ष्य चार किलोमीटरवर असेल, तर चूक सुमारे 120 मीटरची, हे तो मनातल्या मनात काढू शकतो. एवढे गणित कोणालाही येते. कठीण असते ते थंडीत, वाऱ्यात, रेडिओवर तिघे एकदम बोलत असताना न चुकता करणे.

गोळा कुठे पडेल हे केवळ तोफेच्या नळीच्या कोनावर ठरत नाही. वाऱ्याची दिशा आणि वेग, हवेचे तापमान आणि दाब, दारूचे तापमान, नळी किती झिजली आहे, गोळ्याचे वजन ठरलेल्यापेक्षा कमी-अधिक किती, आणि लांबच्या पल्ल्यात पृथ्वीचे फिरणेसुद्धा हिशेबात धरावे लागते. उंच डोंगरात हवा विरळ असल्याने तोच गोळा तेवढ्याच दारूवर अधिक दूर जातो. म्हणून 1999 च्या कारगिल युद्धात मैदानी प्रदेशाचे कोष्टक तसेच्या तसे चालणार नव्हते. हे सगळे आकडे आज संगणक काढतो, तरी आम्हाला ते हाताने काढायला लावत, आणि एकाने काढलेला आकडा दुसऱ्याने स्वतंत्रपणे काढून जुळवल्याशिवाय तोफेकडे जाऊ देत नसत. पहिल्याचा कागद पाहून दुसऱ्याने होकार दिला तर ती पडताळणी धरली जात नाही. प्रशिक्षक या एका गोष्टीवर जितके चिडत, तितके दुसऱ्या कशावरही चिडत नसत.

प्रत्यक्ष गोळीबाराच्या दिवशी पहाटेच निघावे लागे. निरीक्षण चौकीला आम्ही ओपी म्हणतो. ओपीवरील अधिकारी नकाशा आणि दुर्बिणीने लक्ष्य ठरवतो, त्याचे स्थान रेडिओवरून मागे कित्येक किलोमीटरवर असलेल्या तोफांना कळवतो. तेथील गन पोझिशन ऑफिसर त्याचे कोनांत रूपांतर करून घेतो. एक गोळा सुटतो. लांबच्या पल्ल्यात तो पडायला पाऊण मिनिट आणि कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो, आणि त्या वेळात दुर्बिणीवरून नजर हलवता येत नाही. तो पलीकडे पडला तर चारशे मीटर अलीकडे घ्यायचा, मग अलीकडे पडला की दोनशे पुढे, मग शंभर मागे; लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये धरून अंतर निम्मे निम्मे करत जायचे आणि खात्री झाली की सर्व तोफांना एकदम आदेश द्यायचा. माझ्या मागे उभा असलेला प्रशिक्षक घड्याळ घेऊन होता. पहिला गोळा पडल्यावर तो कुठे पडला हे क्षणभर कळलेच नाही, कारण धूर एका घळीतून उशिरा वर आला. अशा वेळी अंदाजाने दुरुस्ती द्यायची नसते. ‘दिसला नाही’ असे सरळ कळवून दुसरा गोळा मागायचा असतो. मी तसे कळवले. त्यासाठी कोणी रागावले नाही.

गोळीबाराच्या मैदानामागेही बराच कागदी व्यवहार असतो. 1938 च्या युद्धसराव, मैदानी गोळीबार व तोफखाना सराव विषयक कायद्यानुसार राज्य शासन क्षेत्र अधिसूचित करते, तारखा आधी जाहीर होतात, आसपासच्या गावांना सूचना जाते आणि लाल झेंडे लावून रस्त्यांवर माणसे उभी केली जातात. जो गोळा फुटला नाही त्याची जागा नकाशावर नोंदवून तो नंतर तेथेच नष्ट करतात. कोणाला अशा मैदानात न फुटलेला गोळा दिसला, तर हात न लावता पोलिसांना किंवा जवळच्या लष्करी ठाण्याला कळवावे. भंगाराच्या मोहापायी जीव गेल्याच्या बातम्या आजही येतात.

पायदळ न मिळाल्याची माझी नाराजी सीमेवर पूर्णपणे गेली. तोफा मागे असतात हे खरे, परंतु तोफखान्याचे ओपी अधिकारी पायदळाच्या कंपन्यांसोबत, त्यांच्याच चौक्यांवर असतात आणि त्यांचा मेजर, म्हणजे बॅटरी कमांडर, पायदळाच्या कमांडिंग ऑफिसरच्या शेजारी असतो. मी एक तांत्रिक साहाय्यक आणि रेडिओवाले जवान घेऊन हिवाळाभर एका उंच चौकीवर राहिलो. पायदळाचे अधिकारी सुरुवातीला थट्टा करत, पण रात्री समोर काही हालचाल दिसली की पहिला प्रश्न मलाच येई: तोफा तयार आहेत का? तेव्हा आपल्या आकड्यावर समोरच्या माणसांचा जीव अवलंबून आहे हे समजते, कारण आपलीच गस्त त्याच डोंगरावर असते. त्या चौकीवर मी प्रत्येक ठरलेल्या लक्ष्याचे आकडे दर आठवड्याला नव्याने काढून साहाय्यकाच्या आकड्यांशी जुळवीत असे, आणि हवामान बदलले की मधेही. त्याला कंटाळा येई, मलाही येई.

मधली वर्षे नेहमीच्या वाटेने गेली. दोन वर्षांनी कॅप्टन आणि सहा वर्षांनी मेजर ही बढती कालमर्यादेनुसार होते, मात्र मेजर होण्यासाठी भाग ‘बी’ची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि तिचा अभ्यास चौकीवरून परतल्यावर थकलेल्या डोक्याने करावा लागतो. मी ती विषय वाटून घेऊन पूर्ण केली. सगळे पेपर एकदम देण्याचा हट्ट धरू नये. लग्न झाले, मुलगी झाली, आणि तिच्या जन्मानंतरची बहुतेक वर्षे मी कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी होतो. मुलाखतीच्या तयारीत ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहितो. दरम्यान तोफखाना बदलत होता: नोव्हेंबर 2018 मध्ये देवळाली येथे के-9 वज्र आणि एम-777 या तोफा सैन्यात दाखल झाल्या, धनुष आली, आणि 29 एप्रिल 2023 रोजी, मी बाहेर पडल्यानंतर, चेन्नईच्या त्याच अकादमीतून पाच महिला अधिकारी पहिल्यांदाच तोफखान्यात रुजू झाल्या. त्यामुळे हे वाचणाऱ्या मुलींनी हा मार्ग आपला नाही असे समजू नये.

शॉर्ट सर्व्हिसमध्ये दहावे वर्ष जवळ आले की तीन पर्याय विचारतात: स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची सेवा, आणखी चार वर्षांची मुदतवाढ किंवा सेवामुक्ती. हा निर्णय लेखी आणि बराच आधी द्यायचा असतो. घरी बोलून मी सेवामुक्ती निवडली. येथे आर्थिक बाजू स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. दहा वर्षांच्या सेवेला निवृत्तिवेतन नाही. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळते ते पूर्ण झालेल्या प्रत्येक सहामाहीला अर्ध्या महिन्याचे वेतन या हिशेबाने, म्हणजे दहा वर्षांचे साधारण दहा महिन्यांचे वेतन. त्याशिवाय शिल्लक रजेचे पैसे, आपलाच साठलेला डीएसओपी फंड, म्हणजे अधिकाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, आणि सेनेच्या सामूहिक विम्याची रक्कम. ही रक्कम एकदम हातात येते म्हणून मोठी वाटते, परंतु तिशी ओलांडलेल्या, घरभाडे आणि शाळेची फी नव्याने भरू लागलेल्या माणसाला ती किती पुरते याचा हिशेब आधीच कागदावर मांडावा. फंडातील वर्गणी पहिल्या वर्षापासूनच वाढवत न्यावी, हा सल्ला मला एका वरिष्ठांनी दिला होता आणि तो फार उपयोगी पडला.

कागदपत्रांना सहा-आठ महिने आधीपासून लागावे. सेवामुक्तीपूर्वी वैद्यकीय मंडळासमोर जावे लागते आणि सेवेत झालेली प्रत्येक दुखापत त्या वेळी नोंदवून घ्यावी लागते. माझ्या एका कानाची ऐकण्याची क्षमता कमी झाली होती, आणि जुने तपासणी अहवाल जवळ होते म्हणून ती नोंद सहज झाली. तोफेजवळ काम करणाऱ्यांनी कानात बोळे घालणे कधीही टाळू नये. त्यानंतर भांडार, मेस, ग्रंथालय, शस्त्रागार आणि निवासस्थान यांचे ना-देणे दाखले. अधिकाऱ्यांच्या वेतनाचा हिशेब पुण्याच्या संरक्षण लेखा कार्यालयात, म्हणजे पीसीडीए (ओ) येथे असतो. शेवटच्या वर्षातील प्रत्येक वेतनपत्रक आणि फंडाचे वार्षिक विवरण उतरवून घेऊन आपल्या नोंदींशी जुळवून पाहावे. मी दोन वह्या ठेवल्या होत्या, एक माझी आणि एक पत्नीने स्वतंत्रपणे भरलेली, आणि तिच्या वहीतल्या आकड्यामुळे प्रवासभत्त्याची एक जुनी थकबाकी लक्षात आली.

शेवटच्या वर्षात पुनर्वसन महासंचालनालयामार्फत, म्हणजे डीजीआरमार्फत, नामवंत व्यवस्थापन संस्थांमध्ये सुमारे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम करता येतात आणि फीचा मोठा हिस्सा शासन उचलते. जागा मर्यादित असतात, अर्ज लवकर मागवतात, म्हणून संकेतस्थळावरील वेळापत्रकावर वर्षभर आधीपासून लक्ष ठेवावे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की किमान पाच वर्षे सेवा करून मुक्त झालेल्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांना नागरी सेवा परीक्षेत वयाची पाच वर्षांपर्यंत सवलत मिळते.

घरी आल्यावर पहिले काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणीचे. तेथे सेवामुक्तीच्या आदेशाची प्रत, छायाचित्रे, आधार आणि पत्नी व अपत्यांचे तपशील देऊन माजी सैनिकाचे ओळखपत्र मिळते. पत्नीचे व मुलीचे नाव सेवा अभिलेखात योग्य रीतीने नोंदलेले असेल तर हे काम सोपे जाते, नसेल तर मागे पत्रव्यवहार करावा लागतो. 2019 पासून शॉर्ट सर्व्हिसच्या माजी अधिकाऱ्यांनाही एकरकमी वर्गणी भरून माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस या वैद्यकीय योजनेत सहभागी होता येते, त्याचा अर्जही त्याच काळात करून टाकला.

नोकरीचे म्हणाल तर काही महिने गेले, दोन ठिकाणी नकार आला आणि आता मी एका पुरवठा-साखळीच्या कंपनीत काम करतो, जेथे गाड्यांचे मार्ग आणि वेळा आखणे हे माझे काम आहे. सैन्याशी कागदोपत्री संबंध अजून सुटलेला नाही. सेवामुक्तीनंतर शॉर्ट सर्व्हिस अधिकारी काही वर्षे राखीव दलात गणला जातो: पाच वर्षे बंधनकारक आणि पुढची दोन ऐच्छिक, तीही वयाच्या चाळिशीपर्यंतच. गरज पडल्यास या काळात परत बोलावले जाऊ शकते, म्हणून घर बदलले की नवा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कळवणे आवश्यक असते. गेल्या वर्षी आम्ही भाड्याचे घर बदलले तेव्हा बँकेच्या आणि गॅसच्या अर्जांबरोबर तेही पत्र पाठवले, आणि त्याची पोच फाइलला लावून ठेवली.